रेवाबाईंनी मोकळी केलेली भिंत

नवापूरच्या पुढे सागपाड्याच्या टेकाडावर एक दगडी चर्च आहे. शंभर वर्षांपूर्वी एका मिशनऱ्याने ते इंग्लंडातल्या आपल्या खेड्यातल्या कितीतरी शतकं जुन्या चर्चच्या धर्तीवर बांधून घेतलं. टोकदार कमानी, अरुंद खिडक्या, पश्चिमेला घंटेचा बुटका मनोरा. दगड मात्र इथलाच काळा, सांध्यांत चुना आणि छपराला डांगच्या जंगलातलं सागवान.

यंदा पावसाळा संपला तरी उत्तरेची भिंत ओलीच राहिली. पंचांनी ठरवलं, चर्च पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं. विरोध फक्त रेवाबाईंनी केला. त्या गवंडी आहेत. मजुरीला गुजरातेत जात असताना एका जुन्या हवेलीच्या दुरुस्तीवर त्या चुन्याचं काम शिकल्या.

"दगडी भिंत पावसात पाणी पितेच," त्या बैठकीत म्हणाल्या. "चुन्यातून ते सुकून जातं. वरून सिमेंट थापलं की आतच कोंडतं."

सगळे उदेसिंगांकडे बघू लागले. त्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा त्यांनीच केलेला, आणि रेवाबाई त्यांची सून.

"म्हणजे माझं काम कच्चं?"

"पक्कं आहे, बाबा. तेच तर दुखणं आहे."

बैठकीत हशा पिकला. रेवाबाई थांबल्या नाहीत. "आपलं कुडाचं घर दरवर्षी लिंपतो ना आपण? मग देवाच्या घराला एकदाच थापून मोकळे कसे झालो?"

"दर नाताळला चुना लावायचा कंटाळा आला होता सगळ्यांना," उदेसिंग पुटपुटले.

मुख्य पंच फुलसिंग म्हणाले, "नाताळपर्यंत भिंत सुकली तर चर्च ठेवू. नाहीतर पाडू."

दुसऱ्या दिवशी रेवाबाई छिन्नी घेऊन भिंतीशी गेल्या, तर उदेसिंग आधीच तिथे.

"तू एकटी वर्षभर ठोकत बसशील. गिलावा कुठे पोकळ आहे ते मला माहीत आहे."

"पोकळ ठेवला होता?"

"सगळेच गवंडी ठेवतात."

"मी नाही ठेवत," रेवाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला घाव घातला.

सिमेंटखाली चुन्याचे पातळ पापुद्रे निघाले, एकावर एक. जितके नाताळ, तितके थर. सगळा गिलावा उतरल्यावर दोघांनी भिंत उन्हावाऱ्याला उघडी ठेवली आणि शेवटी चुन्याचा एक हात दिला.

नाताळच्या सकाळी घंटा व्हायच्या आधी फुलसिंगांनी भिंतीवर तळवा टेकवला. "गार लागते."

"दगड आहे, काका. गारच लागणार."

त्यांनी तळवा उलटून पाहिला. चुन्याची भुकटी लागली होती, अगदी कोरडी.

"बरं. पुढच्या नाताळला चुना कोण लावणार?"

"पाळीने," रेवाबाई म्हणाल्या. "पहिली पाळी तुमच्या घरची."