डोणगावची लग्नाची मोटर

विहिरीतला एक जळका पंप मी मोटारगाडी समजून, न बघता विकत घेतला.

बचावापुरतं एवढंच सांगतो, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात विहिरीतल्या पंपालाही मोटर म्हणतात आणि जुनी माणसं चारचाकीलाही मोटरच म्हणतात. जुन्या गाड्यांवरची दोन पुस्तकं वाचून मी नुकताच जाणकार झालो होतो. डोणगावच्या एका शेतकऱ्यानं फोनवर सांगितलं, "बापाच्या वक्ताची मोटर हाय, दहा हॉर्सपॉवरची." माझ्या अंगावर काटा आला. जुन्या विलायती गाड्या अशाच हॉर्सपॉवरवरून ओळखल्या जात, हे पुस्तकात होतं. किती वर्षं बंद आहे, विचारलं, तर म्हणाला, "दोन सालं झाले, पाण्यातच पडून हाय." पावसापाण्यात म्हणायचं असेल, असं मी मनातल्या मनात सुधारून घेतलं आणि सौदा पक्का केला.

मेहकरहून टेम्पो केला, सोबत झेंडूचा हार आणि नारळ. त्या बिचाऱ्यानं पंप पुसून पोत्यावर ठेवला होता. त्यानं आधी टेम्पोकडं पाहिलं, मग हाराकडं, मग माझ्याकडं.

"एवढ्याशा मोटरीले टेम्पो काऊन आणला, भाऊ?"

घोळ उलगडल्यावर तो बांधावर बसून पोट धरून हसला. मग माझी दया येऊन म्हणाला, चारचाकीच पाहिजे असेल तर शेजारच्या चाचांकडं आहे, पण ते विकणार नाहीत.

चाचा म्हणजे सत्तरी ओलांडलेले, काडीसारखे बारीक, उभं आयुष्य लग्नाची गाडी चालवलेले. गोठ्यात तुरीच्या पोत्यांमागं एक गोधडी पसरलेली होती. चाचींनी खास गाडीच्या मापाची शिवलेली. चाचांनी ती झोपलेल्या लेकराच्या अंगावरून काढावी तशी अलगद काढली. आत छोटीशी विलायती गाडी उभी होती. दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारे. वळायचं असलं की दाराच्या खांबातून हातासारखी एक पट्टी बाहेर यायची. ती पट्टी चाचांनी बोटानं वर करून दाखवली, आणि माझी पुस्तकं तिथल्या तिथं बंद झाली. इतकी देखणी वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती. चाकं जमिनीत रुतली होती, पत्रा खालून खाल्लेला होता, तरी नाक वर.

ती आली खामगावच्या एका कापूसवाल्या शेठकडून. त्यांच्याकडून मेहकरच्या एका डॉक्टरांकडं, आणि डॉक्टरांचे ड्रायव्हर होते चाचांचे वडील. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी गाडी ड्रायव्हरलाच देऊन टाकली. तेव्हापासून गावात लग्न कोणाचंही असो, मराठ्यांचं, बौद्धांचं, मुसलमानांचं, नवरी सासरी जायची ती याच गाडीतून. चाचांच्या बहिणी, मुली, सगळ्या यातूनच गेल्या. राहिली होती एक नात. तिचा निकाह रमजानच्या आधी ठरलेला, आणि लहानपणी याच बंद गाडीत बसून खेळलेल्या त्या पोरीनं सांगून टाकलं होतं, की रुखसत, म्हणजे पाठवणी, होईल तर याच गाडीतून. चाचांचे हात आता कापत होते. पोरीला नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती आणि गाडी उभी करायची ताकदही नव्हती.

म्हणून चाचा विकायला तयार झाले ते एका अटीवर: दुरुस्ती मी करायची. गाडी माझी, पण पहिली फेरी नातीची. ती चुकली तर गाडी परत गोधडीत.

मी कामाला लागलो. म्हणजे मेहकरचा मिस्त्री कामाला लागला आणि मी मध्ये मध्ये आलो. इंजिन उतरवलं, अकोल्याच्या भंगारातून हुडकून सामान आणलं, ट्रॅक्टरच्या गाद्या शिवणाऱ्याकडून सीट शिवून घेतल्या. मला फक्त रंग घासायचं काम मिळालं. घासताना मात्र मजा आली. वरचा दुधी रंग चाचांच्या लग्नांचा, त्याखाली डॉक्टरांचा पांढरा, त्याखाली शेठजींचा गर्द हिरवा. प्रत्येकानं आधीच्याचं काही न खरवडता वर आपला हात फिरवला होता. असे मालक मिळायला गाडीला नशीब लागतं. मी पुस्तकाप्रमाणं अस्सल हिरवा द्यायला निघालो होतो. चाचा एवढंच म्हणाले, की हिरव्या गाडीत नवरी दिसणार कशी? मी दुधीच आणला.

निकाहच्या आदल्या आठवड्यात मिस्त्रीनं हँडल मारलं आणि इंजिन शिलाई मशीनसारखं टुकटुकलं. चाचांनी गोधडीची घडी घालून ती तुरीच्या पोत्यांवर ठेवली.

रुखसतच्या दिवशी गाडी मीच चालवणार, असा मी हट्ट धरला. मालक होतो ना. माझा शंभर किलोचा देह स्टिअरिंगमागं कसाबसा मावला. शेजारी चाचा, मागं नवरी-नवरदेव, आणि त्यामागं वऱ्हाडाच्या गाड्या. गावानं दोन्ही बाजूंना उभं राहून पाहिलं. म्हाताऱ्या बाया गाडीच्या नाकावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढत होत्या. यातल्या कितीतरी जणी कधीकाळी याच मागच्या सीटवर रडल्या असतील.

मेहकरच्या वाटेवर एक चढ आहे. अर्ध्यावर गाडी धापा टाकू लागली आणि थांबली. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटर, पेट्रोलमधला कचरा, प्लग अशी एकेक शंका मोठ्यानं मांडली. वऱ्हाडी जमले. नवरदेवाच्या भावानं आपल्या नव्या मोठ्या गाडीचं दार उघडलं आणि भाभीला तिकडं चलायला सांगितलं. चाचांचा चेहरा उतरला. नवरी जागची हलली नाही. घुंगटाआडून तिनं "दादाजान" एवढंच म्हटलं.

चाचा सरकून माझ्या जागेवर बसले. कापणारे हात स्टिअरिंगवर आले आणि कापायचे थांबले. माझी प्लगवरची चर्चा चालूच होती. मी जेमतेम बॉनेट लावून बाजूला झालो, तोवर चाचांनी स्टार्टर ओढला, गाडी सुरू झाली आणि दुधी रंग मिरवत तो चढ सहज चढू लागली. माझ्या हातात असताना तिची इतकी ऐटदार चाल मी कधी पाहिली नव्हती. नव्या शेरवानीत धापा टाकत मी बाजूनं धावलो आणि विचारलं, "चाचा, बिघाड काय होता?"

चाचांनी खिडकीतून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बिघाड काहीच नोता, भाऊ. तुमी उतरले, गाडी चढली."