तीन तुकड्यांचा टप

कसबा बावड्यात अनुजाला सगळे अजून गुळव्याची लेक म्हणतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, दोन पोरी कॉलेजात जायला लागल्या, गोठ्यात सात म्हशी आहेत, तरी नाव तेच. तिचे वडील कागलकडं गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे ते नुसत्या डोळ्यानं ओळखायचे. घड्याळ नाही, माप नाही. लेकीनं तोच गुण उचलला. आमटीत मीठ अंदाजानं, म्हशीपुढं पेंड अंदाजानं, आणि पिकअप गाडी मागं घ्यायची तीही अंदाजानंच. बाईचा अंदाज चुकत नाही, हे गल्लीत कुणीही सांगावं. चुकला तो एकदाच, आणि कसा चुकला तेच आता सांगायचं आहे.

घर चालायचं त्या पिकअपवर. सकाळी शेतातून ओली वैरण भरायची, आपल्याला लागेल तेवढी ठेवून बाकीची मंगळवार पेठेतल्या म्हशीवाल्यांना द्यायची. दुपारी शाहूपुरीतल्या बेकरीचा पाव, खारी, टोस्ट घेऊन आजूबाजूच्या गावांतली दुकानं करायची. आता वैरण म्हटली की भारे रचत रचत वर न्यायचे, त्याला गाडी उघडी पाहिजे. आणि पावाला ना धूळ चालते ना पाऊस, म्हणून त्याला फायबरचा टप, म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्यावर झाकणासारखा बसवायचा, तळ नसलेला खोका. पांढरा, अखंड, आत बाईमाणूस ताठ उभं राहील एवढा उंच. रोज दुपारी चढवायचा, रोज सकाळी उतरवायचा. वजन म्हणाल तर क्विंटलला थोडं कमी.

अनुजाचा नवरा विश्वजित तालमीत घुमलेला गडी. तो आणि शेजारचे तिघं मिळून टप असा उचलायचे, की जणू पाट उचलला. हसतखेळत काम. पण गेल्या हिवाळ्यात विश्वजितच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही आणि वर्षभर गाडी चालवायची नाही. त्या दिवसापासून गाडी अनुजानं हातात घेतली. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, लायसन होतंच. पहिले चार दिवस चौकातली माणसं माना वळवून बघायची. मग सवय झाली. आणि खरं सांगायचं तर अनुजाला ते फार आवडलं. स्टिअरिंगवर हात ठेवून पुलावरून जाताना वारा तोंडावर आला की तिला वाटायचं, चाळीस वर्षांत आपण पहिल्यांदाच कुठंतरी निघालोय. त्या गाडीवर तिचा जीव जडला.

अडलं ते टपापाशी. शेजारचे तिघं आठ दिवस हौसेनं आले. मग एकाची ड्यूटी बदलली, दुसऱ्याचा गुडघा दुखायला लागला, तिसऱ्याचा फोनच लागेना. अनुजा गल्लीत उभी राहून ज्याला त्याला म्हणायची, "भावजी, जरा हात लावा की." लावायचेही कुणी कुणी, पण तोंड वाकडं करून. दोनदा पाव उशिरा पोचला. बेकरीवाल्यांनी गोड बोलून समज दिली. आणि हे सगळं विश्वजित सोप्यात खुर्चीवर बसून बघायचा. कमरेला पट्टा, हातात काहीच नाही.

बुधवारी जेवताना तो म्हणाला, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. गडहिंग्लजचं. गाडी टपासकट देऊन टाकायची."

अनुजानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "मला इचारलंसा तरी?"

"काय इचारायचं? रोज चार माणसांच्या मिनत्या करून जगायचं न्हाय मला. आणि तू करतीयास ते तर माझ्यानं बघवत न्हाय."

गडी वाईट नव्हता हो. पण ज्याच्या दंडाच्या जोरावर घरानं मान ताठ ठेवली, त्याला बायकोनं परक्यांपुढं हात जोडलेले बघायला लागणं, हे सोसायला छाती लागते. अनुजाला ते कळत होतं. कळत होतं म्हणून तर भांडताही येईना.

गुरुवारी सकाळी ती शेतात बांधावरून भारा डोक्यावर घेऊन गाडीकडं येत होती. चालता चालता थांबली. डोक्यावर भारा तसाच. हा भारा तीस-पस्तीस किलोचा असेल. असे रोज दहा-बारा भारे ती नेते, कुणाला हात लाव म्हणत नाही. मग टप म्हणजे तरी काय? तीन भारे! शंभर किलो तिला उचलत नव्हते, पण तीन भारे तर ती हसत नेते. आणि टप आतून तिच्याच उंचीचा. टपाच्या आत उभं राहायचं, डोक्यावर चुंबळ ठेवायची, गुडघे जरा वाकवून ताठ व्हायचं, की टप दोन बोटं वर. गाडी मागं घेऊन गोठ्यापुढच्या कट्ट्याला लावली की मागचा पाडलेला फाळका आणि कट्टा एका पातळीवर येतात. मग काय, चालत बाहेर!

फक्त अखंड टपाचे तीन तुकडे करायला पाहिजेत, एवढंच.

घरी आली, तीन दिवस पावाची फेरी जमणार नाही म्हणून बेकरीला फोन केला, शेजारून ग्राइंडर मागून आणला, विश्वजितचा जुना फुलशर्ट चढवला, नाकाला मास्क बांधला, कोळशानं टपावर दोन आडव्या रेघा ओढल्या आणि सुरू. त्या आवाजानं म्हशी दाव्याला हिसके द्यायला लागल्या. विश्वजित भिंतीला धरत धरत बाहेर आला तेव्हा टपाचे तीन भाग अंगणात तीन दिशांना पडले होते.

"आगं ए! टप कापलास व्हय? डोकं फिरलं का काय तुजं? गिऱ्हाइकाला टपासकट सांगितलंय मी!"

"रविवारपत्तोर दम धरा," अनुजा म्हणाली. "मी एकटीनं टप काढून दावला तर गाडी राहणार. न्हाय जमलं तर द्या, मी एक शब्द बोलणार न्हाय."

विश्वजित आत गेला. सासूबाई बाळाबाई तेवढ्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाज सुटंल गं त्या काचेच्या भुग्यानं. आंगाला तेल लाव."

कापलेल्या कडा लटपटत होत्या. त्यांना जाड काठ द्यायचा, आणि एका तुकड्याचा काठ दुसऱ्यावर चार बोटं चढेल असा करायचा, म्हणजे फटीतून पाणी जाणार नाही. शाहूपुरीतून काचेच्या धाग्याची चटई आणली, रेझिनचा डबा आणला, ते घट्ट करायचं हार्डनर आणलं. दुकानदार म्हणाला, अगदी थोडं घालायचं. थोडं म्हणजे किती, हे गुळव्याच्या लेकीला कुणी सांगायला पाहिजे होय? तिनं डब्यात बघितलं, रंग बघितला, काठीवरून धार सोडून बघितली, आणि लवकर आवळावं म्हणून वर आणखी एक धार दिली.

पाच मिनिटांत डबा तापला. मग धूर निघाला. ब्रश काढायला गेली तर ब्रश आतच! सगळं रेझिन दगडासारखं बसलं, आणि जे काठावर लावलं होतं ते तडकून उभं फाटलं. अनुजानं डबा अंगणात फेकला आणि कट्ट्यावर बसून रडली. मोठ्यानं रडली, लपवलं नाही. अठरा वर्षांत आमटीसुद्धा खारट झाली नव्हती, आणि नेमका आताच दगा! आतून विश्वजितला ऐकू गेलं असणार. पण तो आला नाही.

शुक्रवारी वैरण टाकून परतताना तिनं गाडी कुंभार गल्लीत घातली. तिथं एका अंगणात फायबरचे हत्ती वाळत घातलेले ती रोज जाता-येता बघायची. ते हत्ती करायच्या धोंडुबाई. साठीच्या, कमरेला पदर खोचलेल्या, बोलायला एकदम फटकळ. अनुजानं सगळी हकिगत सांगितली. धोंडुबाईंनी कामातून मानही वर केली नाही.

"किती घातलंस?"

"अंदाजानं."

"अंदाज!" आता मात्र धोंडुबाई वळल्या. "बाई, गूळ न्हवं ह्यो. ह्येला डोळा नको, माप पायजे. किलोला पंधरा मिली, उनात त्याहून कमी. माझं पैलं दोन गणपती असंच जळालं. तवापास्नं मी अंदाजाला हात जोडलं."

मग त्यांनी अनुजाला शेजारी बसवून घेतलं. चटईचा थर कसा द्यायचा, ब्रशनं टोचून टोचून आतली हवा कशी काढायची, दुसरा थर कधी द्यायचा, सगळं स्वतःच्या हत्तीच्या कानावर करून दाखवलं. निघताना म्हणाल्या, "चुकलीस म्हणून आलीस. अंदाजानं वरवर जमलं असतं, तर कच्च्या सांध्याचा टप भर रस्त्यात उडाला असता. जा आता."

वाटेत रेझिनचा नवा डबा घेऊन अनुजा घरी आली, तडकलेला थर घासून काढला आणि म्हशीला इंजेक्शन द्यायची नवी सिरिंज काढली. पंधरा मिलीची रेघ डोळ्यासमोर धरून हार्डनर ओढलं, एक थेंब जास्त झाला तो परत सोडला. जन्मात पहिल्यांदा बाई मापानं वागत होती. शनिवारी दुपारपर्यंत तिन्ही तुकड्यांचे काठ आवळले. हात मारला की टणटण वाजायला लागले. तिनं कडा घासल्या, सांध्यांवर रबराची पट्टी बसवली, बाजूला दाबून बसणाऱ्या कड्या लावल्या. संध्याकाळी दोन्ही पोरींनी वरून पाइपानं पाणी मारलं, अनुजा आत उभी. एक थेंब आला नाही. पोरींनी ओरडून गल्ली डोक्यावर घेतली.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. अमरसिंह नावाचे गृहस्थ, मोटारसायकलवरून आलेले, घाईत. विश्वजितनं त्यांना खुर्ची दिली आणि नजर चुकवत म्हणाला, "पावणं, टपाचं जरा..."

"थांबा," अनुजा म्हणाली.

तिनं टप चढवलेली गाडी कट्ट्याला लावली. फाळका पाडला, मागच्या कड्या सोडल्या, आत जाऊन डोक्यावर चुंबळ ठेवली. गुडघे वाकवले. टप हलला नाही. मग तिनं श्वास भरून घेतला आणि भारा उचलतात तशी ताठ झाली. टप वर आला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि बाई अर्धं घर डोक्यावर घेतल्यासारखी कट्ट्यावर. खाली ठेवला, परत आत. दुसरा. तिसरा. चहा गाळून होईस्तोवर गाडी उघडी झाली होती.

"नाद खुळा, वयनी!" अमरसिंह उठूनच उभे राहिले. मग विश्वजितकडं वळून म्हणाले, "असला टप असंल तर मी आत्ताच ठरवतो. बोला."

विश्वजित बायकोकडं बघत होता. घामानं भिजलेली, केसांत फायबरचा भुगा, दोन्ही हात खाजेनं लाल. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"चा घ्या, पावणं," तो म्हणाला. "गाडी इकायची न्हाय."

"आवो, मग मला बोलावलंसा कशाला?"

"चुकलं माजं. तिला न इचारता बोलावलं."

पाहुणे चहा पिऊन, थोडं कुरकुरत, पण जाताना तिन्ही तुकड्यांचे फोटो काढून घेऊन गेले.

दुपारी अनुजानं टप चढवला आणि बेकरीला निघाली. किल्ली फिरवणार, तोवर डाव्या बाजूचं दार उघडलं. विश्वजित होता. पट्टा सावरत, दाराला धरून तो सावकाश वर चढला आणि तिच्या शेजारी बसला.

चौकात शेजारचे ते तिघं पानपट्टीवर उभे होते. क्लीनरच्या जागी बसलेल्या विश्वजितला बघून एकानं हात वर करून ओरडून विचारलं, "काय इश्वा, आज किन्नर व्हय?"

विश्वजितनं काच पूर्ण खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय! आमची मालकीण गाडी चालवत्या!"