झेंडूची पाकळी

आज दसऱ्याला स्कूटरला झेंडूची माळ बांधताना पेट्रोलचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. सासरी धरणापलीकडच्या शेतांवर माणसं नेणारी आमची बोट होती. तिच्या पोटात जुन्या जीपचं इंजिन. माहेरी आर्वीला मी वडिलांच्या गॅरेजात शिकले होते, म्हणून त्याचा कार्बोरेटर मीच साफ करून, स्क्रू फिरवत आवाज एकसारखा लावून दिला होता. एका वर्षी दसऱ्याला थोरल्या दिरांनी इंजिनाची पूजा केली आणि हार नीट बसावा म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावरची, हवा गाळायची जाळीच काढून टाकली! मग बोट निघाली आणि भर पाण्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बोटीत सोयाबीन कापायला निघालेल्या बाया होत्या, वारा बोटीला धरणाचं पाणी कोसळतं त्या सांडव्याकडे ढकलत होता आणि दीर माझ्यावर ओरडून राह्यले, "बाईचा हात लागला न् इंजिन बाटलं! तुले कोनं सांगतलं हात लावाले?" मी त्यांना बाजूला सारलं, कार्बोरेटरच्या गळ्यातून झेंडूच्या पाकळ्यांचा ओला बोळा ओढून काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. इंजिन लगेच सुरू झालं. काठावर उतरताच ते म्हणाले, "देवीनं वाचवलं!" त्यांनी नारळ फोडला, सगळ्यांना वाटला, ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात नुसती करवंटी होती. आज माझ्या स्कूटरचा नारळ मीच फोडला आणि पहिला तुकडा मीच खाल्ला.