चहात बुडवलेली चकली

नातवंडांनो, काल व्हिडिओ कॉलवर धाकटीने पडलेला पुढचा दात दाखवला, म्हणून हे आजच लिहिते आहे. तुमचा बाबा शाळेत असताना इथल्या बर्फाच्या रिंकवर आइस हॉकी शिकायचा. त्याचे कोच तरुणपणी कॅनडातल्या गावोगावच्या लहान संघांतून खेळले होते. मोठ्या लीगने त्यांना कधी बोलावले नाही. एका दिवाळीत मी त्यांना, संघातल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना फराळाला बोलावले. फ्लॅटभर तळणीचा वास होता आणि चकल्या चांगल्या कडक झाल्या होत्या. कोचनी करंजी खाल्ली, चकली मात्र बाजूला सारली. आग्रह केल्याशिवाय मला चैन पडेना. "एक तरी घ्या, नाहीतर मला वाईट वाटेल," मी म्हणाले. "आई, हि सेड नो, लाह," ते नको म्हणाले ना, असे तुमचा बाबा इथल्या इंग्रजीत पुटपुटला. मी चकली त्यांच्या हातातच ठेवली. तेव्हा त्यांनी तोंड वळवून वरचे पुढचे खोटे दात काढले, रुमालात गुंडाळले आणि चकली चहात बुडवून सावकाश खाल्ली. सगळी मुले बघत राहिली. "खेळता खेळता प्रत्येक गावात एकेक दात ठेवून आलो," ते हसून म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला बशीवरून नजर उचलवेना. ते पाहून त्यांनी आणखी एक चकली मागून घेतली, तेव्हा तर मला तिथे उभे राहवेना. कोच केव्हाच मायदेशी, कॅनडाला परतले. आता मी पाहुण्यांना एकदाच विचारते, आणि तुमचा बाबा अजून चकली चहात बुडवूनच खातो.