थोरल्या मामंजींच्या हातचा दोर

माझ्या सासरी झाडं तोडण्याचा धंदा होता. तोडण्याचा म्हटलं की लोकांना वाटतं, कुऱ्हाड घेतली आणि घाव घातले. तसं नव्हतं. पेठेत घराला घर चिकटलेलं. कुणाच्या परसात चिंच, कुणाच्या दारात कडुनिंब, बुंधा एकाच्या अंगणात आणि फांद्या दुसऱ्याच्या कौलावर. असलं झाड कुठं धक्का न लावता तुकड्यातुकड्यानं खाली आणायचं, हे आमच्या घरचं काम. मी कागलहून लग्न होऊन आले तेव्हा संस्थान जाऊन थोडी वर्षं झाली होती आणि जागोजाग विजेच्या तारा येत होत्या. तारेच्या आड फांदी आली की लोक आमच्याकडं यायचे. माझ्या आईला मात्र जावई झाडावर चढतो हे काही केल्या पचलं नव्हतं. ती शेजारणींना सांगायची, जावई लाकडाच्या व्यापारात आहेत.

झाडावर आमचे हे चढायचे आणि खाली दोर धरायचे थोरले मामंजी, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. त्यांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. यांच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा तो त्यांच्या हातात. वर नीट बसून यांनी स्वतःला बांधून घेतलं, की मग कापायच्या फांदीचा दोर, तोही त्यांच्याच हातात. मागं वजनाला तालमीतले दोन गडी असायचे, पण ते नुसते ताणून उभे. किती सोडायचं, कधी सोडायचं, ते पुढचा हात ठरवणार, आणि पुढचा हात घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा, अशी आमच्याकडं रीतच होती. काम सुरू करताना बुंध्याशी नारळ फोडायचा, यांनी थोरल्या मामंजींच्या पाया पडायचं आणि आपल्या दोराचं टोक त्यांच्या हातात द्यायचं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवी नवरी होते. आपला नवरा एवढ्या उंचावर एका म्हाताऱ्या मुठीच्या भरवशावर आहे हे बघून मी पदर तोंडात कोंबला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या की त्याच मुठीनं तुझ्या सासऱ्यालाही इतकी वर्षं खाली आणलंय, तू भाकरीकडं बघ, करपतेय.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर मंगळवार पेठेतल्या एका रिटायर्ड हेडक्लार्कांच्या परसातली चिंच छाटायची होती. एक दांडगी फांदी त्यांच्या स्वयंपाकघरावर आली होती. पोरं चिंचांसाठी दगड मारायची, म्हणून त्यांना ती नकोच होती. आमच्या माणसांनी फांदी बोळाच्या अंगाला उतरवली, पाला झाडून दिला आणि घरी आली. चार दिवसांनी हेडक्लार्क स्वतः दारात. कोट, टोपी, छत्री. पाऊस नसताना छत्री. ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले, आणि सांगितलं की तुमच्या फांदीनं माझ्या स्वयंपाकघराची कौलं फुटली, ती तुम्ही बसवून द्यायला हवीत.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं की त्याच दिवशी का नाही बोललात. ते म्हणाले, अंधार पडला होता, सकाळी वरून ऊन आत आलं तेव्हा कळलं. आता त्यांच्या घरी सकाळ चार दिवस उशिरा होत असेल तर गोष्ट वेगळी. मी आतून ऐकत होते आणि मला असा संताप आला, की चहाच्या आधणाचं भांडं मी निष्कारण आदळलं.

कौलांचा प्रश्न नव्हता. आमच्या परसात कौलांची चळत पडलेली होती, दोन माणसं पाठवली की अर्ध्या दिवसाचं काम. पण हो म्हणायचं म्हणजे थोरल्या मामंजींच्या हातून दोर सुटला असं म्हणायचं. ते मामंजींच्या तोंडून निघणार नव्हतं. आणि माझी काळजी वेगळीच होती. फांदी खरंच सुटली असेल, तर उद्या त्याच हातात माझा नवरा आहे. हेडक्लार्क खोटं बोलत असावेत असं मला रागानं वाटत होतं, आणि ते खोटंच असू दे अशी मी देवापाशी करुणा भाकत होते.

आमचे हे म्हणाले की मी वरून बघत होतो, फांदी बोळातच उतरली. पण सगळ्याच फांद्यांवर नजर होती का असं मामंजींनी विचारल्यावर तेही थोडे गडबडले. तेव्हा ठरलं की जाऊन बघायचं. अडचण अशी की हेडक्लार्कांचं स्वयंपाकघर सोवळ्याचं. आमच्या पुरुषांना तिथं जायला नको, आणि फुटलेलं तर तिथंच. म्हणून मामंजींनी मला पाठवलं. उंबऱ्याबाहेरून का होईना, बाईमाणूस बाईमाणसाशी बोलेल, असा त्यांचा हिशेब. सोबत थोरले मामंजी आले. 

हेडक्लार्क त्यांना पुढच्या सोप्यात घेऊन बसले आणि त्यांच्या बायकोनं मला मागं नेलं. ठेंगणी, गोरी, कपाळाला आठी नसलेली बाई. मी उंबऱ्याशी थांबले. वर पाच-सहा कौलं फुटलेली, उन्हाचा पट्टा थेट चुलीजवळ पडलेला. मी खाली बघितलं, तर त्या भोकाच्या बरोबर खाली सारवलेल्या जमिनीत ओंजळभर खळगा होता. तो बुजवून पुन्हा सारवलेला, पुन्हा खचलेला. एका जागी महिनोन्‌महिने पाणी ठिबकल्याशिवाय शेणाच्या जमिनीला असा खळगा पडत नाही, हे कागलच्या शाळेत न शिकवताही मला कळत होतं. फांदी तोडली दिवाळीनंतर. तेव्हापासून थेंबभर पाऊस नव्हता.

मी त्या बाईंकडं बघितलं. त्यांनी माझी नजर कुठं गेली ते पाहिलं होतं.

"आषाढापासून घंगाळ ठेवतेय त्याच्याखाली," त्या हळू म्हणाल्या. "पोरांच्या दगडांनी फुटली. वर चढायला घरात माणूस नाही, आणि कुणाला बोलवू म्हटलं तर यांना कमीपणा वाटतो. कचेरीत सगळे उठून उभे राहायचे हो यांच्यासमोर. तुम्ही मनात आणू नका."

मी काय मनात आणणार. येताना मनाशी घोकलेली चार तिखट वाक्यं होती, ती तिथंच विरली. त्यांनी माझ्या हातावर वरून गुळाचा खडा टाकला आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या. त्या बाईंसाठी वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर मी हवेत होते. दोर सुटला नव्हता. कधी एकदा थोरल्या मामंजींना सांगते असं झालं होतं.

बाहेर पडल्यावर बोलायचं कसं हा प्रश्नच होता. त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर नीट केल्याशिवाय उभी राहिले नव्हते, बोलणं तर लांबच. पाण्याचा खजिना म्हणतात त्या जुन्या टाकीपाशी ते कट्ट्यावर टेकले आणि मीच तोंड उघडलं. खळगा, घंगाळ, आषाढ, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं त्यांचा चेहरा उजळेल.

ते म्हणाले, "म्हाईत हाय मला. माझ्या हातनं सुटलं असतं तर मला कळलं नसतं व्हय? पर घरी ह्यातलं काय बोलू नगंस."

मला वाटलं हेडक्लार्कांची लाज राखायला म्हणतायत. तेवढ्यासाठी स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेऊ नका, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यांनी दुसऱ्या हातानं वाकवून दाखवलं. सोडल्यावर ती दोन्ही तशीच अर्धवट वाकलेली राहिली.

"सकाळच्या पारी ही दोन माझी नसत्यात. उन्हं चढली की येत्यात परत. कवा येत न्हाईत बी. अजून काय सुटलं न्हाई, पर सुटंल. आनि त्या दोराला तुझा नवरा असतोय."

मी म्हटलं, मग मामंजींना सांगा की. त्यांनी मान हलवली.

"माझा भाऊ हाय, मी वळखतो त्याला. दुखतंय म्हटलं तर म्हणंल, दादा, तुमी नुसता हात लावा, मागनं आमी वढतो. मान ठेवाय जाईल माझा. मागची म्हणतील फुडं म्हातारा हाय, मी म्हणीन मागं गडी हायत. मग दोर कुणाच्याच हातात नसंल. चुकलो म्हटलं तरच काढून घील."

मी पदरात तोंड घातलं आणि भर रस्त्यात रडले. येणारी जाणारी बघत होती. सून सासऱ्याबरोबर रडत निघालीय म्हणजे माहेरी पाठवतायत, असंच त्यांना वाटलं असणार. थोरले मामंजी माझी समजूत घालत बसले नाहीत. रडणं होईपर्यंत थांबले आणि मग चल म्हणाले. एका दिवसात दोघा म्हाताऱ्या माणसांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं, आणि दोघांच्याही बाबतीत मला नाही म्हणता आलं नाही.

घरी सगळे वाट बघत होते. आमचे हे, मामंजी, तालमीतले दोघे. मामंजींनी मला विचारलं, काय बघितलंस. मी कौलं फुटलेली आहेत एवढं सांगितलं, आणि तेवढं खरंच होतं. मग थोरले मामंजी म्हणाले, "माझ्या हातनं सुटला."

हे उसळलेच. "काका, मी वरनं बघत हुतो की! फांदी बोळात उतरली."

"शेंडा फिरला कौलावर. तू करवत आवरत हुतास. मला कळलं हुतं, मी बोललो न्हाई."

तालमीतल्या गड्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आपल्या हाताला तसा झटका बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण एवढा मोठा माणूस स्वतःच म्हणतोय तर नसेल कसं. हे भांडत राहिले, थोरल्या मामंजींची बाजू घेऊन थोरल्या मामंजींशीच. मला यांचा एवढा अभिमान वाटला आणि एवढी दयाही आली, की मी आत जाऊन उगाचच तांब्या घासला. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "दादा, आता मी धरतो." थोरले मामंजी बरं म्हणाले. एवढंच झालं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही आणि उपास कशाचा हे कुणी कुणाला विचारलं नाही.

कौलं बसवून दिली. आणि त्यानंतर दोन दिवसांनी हेडक्लार्क पुन्हा आले. या वेळी छत्री नव्हती. त्यांनी बहुधा भांडणाची तयारी केली होती, आणि समोरून एकदम चूक कबूल झाल्यावर त्यांना घरात चैन पडेना. चहा दिला तर निमूट घेतला. मग बशीत बघत म्हणाले की ते, त्या दिवशी मी जरा घाईनं बोललो, तशी पोरंही दगड मारत असतात, म्हणजे कदाचित तुमच्या फांदीनं नसेलही.

मामंजींनी मान वर केली. हे दारातून पुढं झाले. मी चहाचं भांडं धरून उभी होते. आता खरं बाहेर पडणार, आणि दोर परत त्या हातात जाणार.

थोरले मामंजी खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "न्हाई रावसाहेब. तुमचं मन मोठं म्हणून सांभाळून घ्यायलाय. माझ्याच हातनं सुटला."

हेडक्लार्कांनी त्यांच्याकडं बघितलं. तक्रार करणाऱ्याला ती मागं घ्यायची आहे आणि ज्याच्यावर केली तो घेऊ देत नाही, असा प्रकार त्यांनी कचेरीत उभ्या जन्मात पाहिला नसेल. त्यांना काय समजलं मला माहीत नाही. उठताना त्यांनी थोरल्या मामंजींना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. अशा माणसानं झाडवाल्याला नमस्कार करायची ती वेळ नव्हती आणि तो काळही नव्हता.

पुढं मामंजींनी दोर धरला. हे चढायच्या आधी थोरल्या मामंजींच्या पाया पडायचे आणि टोक वडिलांच्या हातात द्यायचे. थोरले मामंजी लांब बसून बिडी ओढायचे. गावात मात्र झालं ते झालंच. म्हातारा थकला, हेडक्लार्काच्या कौलावर फांदी सोडली, असं लोक म्हणायचे. आमच्या दारात बसूनही म्हणायचे. थोरले मामंजी ऐकून हसायचे. मला हसता यायचं नाही. मी त्यांच्या ताटात भाकरी जरा जास्त लोण्याची वाढायची, आणि ते एकदाही त्यावर बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा उजवा हात पुरता लुळा होता.

हे साठी उलटेपर्यंत चढले. कधी खरचटलं असेल, तेवढंच. नातवंडांना गोष्टी सांगताना काकांचा विषय निघाला की यांचा आवाज बदलायचा. असा दोर धरणारा माणूस पुन्हा झाला नाही म्हणायचे, आणि मग प्रामाणिकपणे जोडायचे, एकदाच सुटला त्यांच्या हातून, मंगळवार पेठेत. ते ऐकताना दर वेळी शब्द माझ्या ओठांपर्यंत यायचे. पण हे वर चढत होते तोवर, दोर धरणारा माणूसही काही लपवू शकतो हे यांच्या मनात भरायची भीती वाटली, आणि चढायचे थांबल्यावर एवढी वर्षं गप्प का होतीस हे कोणत्या तोंडानं सांगायचं ते कळेना. आता हेही नाहीत. ज्याच्यासाठी ते खोटं बोलले, त्याला मी खरं सांगू शकले नाही. म्हणून इथं लिहिते आहे, निदान नातवंडं वाचतील. थोरल्या मामंजींच्या हातून फांदी सुटली नव्हती. त्यांच्या हातून काहीच कधी सुटलं नाही.