पाठीवरची होडी

पन्नाशी उलटेपर्यंत चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यापलीकडे कसलंही साहस केलं नव्हतं. त्यामुळे एका संध्याकाळी ते पाठीवरच्या पिशवीत मावणारी, फुगवायची होडी घेऊन घरी आले, तेव्हा बायकोने शिलाई मशीन थांबवलं.

"हे काय आणलंत?"

"होडी. दोघांची आहे. डोंगरावरच्या तळ्यात वल्हवायची."

"पोहता येतं तुम्हाला?"

"होडीत बसणाऱ्याला पोहायचं काय काम?"

यावर बोलण्यात अर्थ नाही हे ओळखून बायकोने मशीन पुन्हा सुरू केलं.

रंगीत तालीम झोपायच्या खोलीत झाली. होडी फुगली झकास, पण पलंग आणि कपाटाच्या मध्ये अशी काही गच्च बसली, की चष्मेवाले अडकले खिडकीकडे आणि दार राहिलं पलीकडे. बायकोने होडीवरूनच चहाचा कप पुढे केला. "बेटावर अजून काही लागतं का?" तिने विचारलं.

सुट्टीच्या दिवशी दोघं निघाली. सुरुवातीला चष्मेवाले होडी पाठीवर मिरवत पुढे होते. मग प्रत्येक वळणावर ते देखावा बघायला थांबू लागले. एका वळणावर तर समोर नुसता काळा कातळ होता, तरी ते बघतच राहिले.

"या दगडात काय दिसतंय? आणा इकडे ती पिशवी," बायको म्हणाली.

"छे, छे, तू कशाला," म्हणत त्यांनी पट्टे तिच्या खांद्यावर नीट बसवून दिले.

तळं हिरवंगार होतं आणि माणूस नावाला नव्हतं. "आधी तुम्ही जाऊन या, मग माझं बघू," असं बायकोने सांगितल्यावर चष्मेवाले तरंगजाकीट आवळून एकटेच निघाले. त्यांच्या उजव्या हाताला जोर जास्त, त्यामुळे होडी पुढे जाईना, जागच्या जागी गरगरायला लागली. तेवढ्यात वाऱ्याने तिला धरलं आणि पार समोरच्या लव्हाळ्यात नेऊन खुपसलं. बऱ्याच वेळाने ते होडी डोक्यावर घेऊन काठाकाठाने चालत परतले. गुडघ्यापर्यंत चिखल.

"पलीकडचा काठही बघून घ्यावा म्हटलं."

"बरं झालं. आता मी जाते."

ती गेली ती सरळ रेषेत. तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसती बसून राहिली. चष्मेवाल्यांना आधी काळजी वाटली, मग थोडा रागही आला. "अगं, ये की आता," त्यांनी हाक मारली. तिने हात हलवला आणि तिथेच थांबली. जन्मभर कापडावर वाकलेले तिचे खांदे त्यांना आज पहिल्यांदाच सैल झालेले दिसले. मग त्यांनी हाका मारायचं सोडलं.

"एवढा वेळ काय करत होतीस?" ती काठाला लागल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही." बूट घालता घालता ती थांबली. "किती वर्षांनी काही नाही केलं."

आता त्यांची तळ्यावर वारंवार फेरी होते. होडी वर न्यायचं काम चष्मेवाल्यांचं, तेही कुठे न थांबता. तिचा एकटीचा वेळ मनासारखा झाला, की ती काठाला येऊन त्यांनाही बसवून घेते. वल्हं मात्र हातात देत नाही.