‘बरं’ म्हणजे ‘मान्य’ नव्हे

विद्यापीठाच्या शिस्तपालन समितीचं इतिवृत्त टाइप करणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस टकटकबाई म्हणे. एकोणीस वर्षं त्या समितीच्या टेबलाच्या कडेला बसून अध्यक्ष सांगतील ते उतरवून घेत आल्या होत्या. बोटं चालू, तोंड बंद. त्याची भरपाई घरी होई. तिथं एकदा तोंडाचा पट्टा सुटला की नवऱ्याला पेपरात डोकं खुपसण्यावाचून गत्यंतर नसे.

त्या दिवशी समोर होती दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. इतिहासाच्या पेपरला तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. कॉपी सिद्ध झाली की वर्ष बुडणार, हे ठरलेलं.

अध्यक्ष म्हणाले, "बस."

"बरं सर."

"पाणी घे."

"बरं सर." पण ग्लासाला तिनं हातही लावला नाही. पोरीची पार गाळण उडाली होती.

"चिठ्ठी तुझ्या बाकाखाली मिळाली."

"बरं सर."

"म्हणजे कॉपी केलीस."

"बरं सर."

"चला, सुटलो!" अध्यक्ष टकटकबाईंकडे वळले. "लिहा, आरोप मान्य."

बाईंनी ‘आरोप’ टाइप केलं आणि बोटं अडली.

"सर, ती मान्य म्हणाली नाही. बरं म्हणाली."

"एकच ते, बाई."

"एकच कसं? आमचे हे दिवसातून पन्नास वेळा बरं म्हणतात. मान्य काय केलंय आजवर?"

समितीतल्या दोन्ही प्राध्यापकांना हसू आवरेना. अध्यक्षही संसारी माणूस. त्यांनी ओठ दाबले. "मग काय करावं म्हणता?"

समितीपुढं तोंड उघडायची बाईंना सवय नव्हती. पण एकदा उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं? "तिला चिठ्ठी तरी दाखवा. तिनं अजून पाहिलीच नाही."

खरं तर तिथल्या कोणीच पाहिली नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये ती पाकिटात गेली, पाकिटाला लाखेचं सील लागलं, त्यावर सहा सह्या झाल्या आणि ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. पुरावा इतका जिवापाड जपला, की उघडायचाच राहून गेला!

अध्यक्षांनी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात सूत्रंच सूत्रं.

"हे तर संख्याशास्त्र," एक प्राध्यापक म्हणाले. "त्या हॉलमधला सकाळचा पेपर."

मुलीनं मान वर केली. "सर, माझा पेपर दुपारी होता. मला गणित येत नाही, म्हणून तर इतिहास घेतला."

अध्यक्षांचा चेहरा पडला. पण माणूस सरळ. त्यांनी स्वतःच मजकूर सांगितला: आरोप निराधार, यापुढे पुरावा आधी विद्यार्थ्याला दाखवायचा, आणि इतिवृत्त वाचायला देऊन मगच सही घ्यायची. मुलीनं शब्द न् शब्द दोनदा वाचला आणि सही केली.

थोड्या वेळानं ती बाहेर जिन्यात बसून फोनवर सांगत होती, "आई, वर्ष वाचलं गं!" आणि भोकाड पसरून रडत होती. दारात उभ्या टकटकबाईंचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या आत आल्या आणि त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं. आत मागच्या सालांच्या फायली होत्या. प्रत्येकीवर त्यांनीच टाइप केलेलं ‘मान्य’, प्रत्येकीत लाखेचं सील लावलेलं पाकीट.

"सर," त्यांनी विचारलं, "ही कोणी उघडली होती का हो?"

अध्यक्ष घरी जायला उठले होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "कात्री आणा."